ताहिती ते ईस्टर बेट: विमानाचं अंतर आणि वेळ आपली आपण कशी काढायची

अंतर विचारलं की मी आधी दोरा आणि पृथ्वीगोल काढते. पॅसिफिकमधले दोन एकाकी विमानतळ घेऊ: ताहितीचा फाआ आणि ईस्टर बेटावरचा मातावेरी. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर दोघांमध्ये दोरा ताणला की जवळपास १० सेंमी भरतो. त्या गोलाचा घेर ९४ सेंमी, पृथ्वीचा ४०,०७५ किमी. म्हणजे एका सेंटिमीटरला ४२५ किमी. उत्तर आलं ४,२५० किमी. सपाट नकाशावर मात्र पट्टी ठेवू नका. ताणलेला दोरा बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जातो आणि तोच सर्वांत जवळचा रस्ता. नकाशावर तो इथे थोडा दक्षिणेकडे झुकलेला दिसेल.

आता पडताळा. फाआ १७.५६ दक्षिण, १४९.६१ पश्चिम, मातावेरी २७.१७ दक्षिण, १०९.४२ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या, म्हणजे ४०.१९ अंशांच्या, कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज ०.७८५७ येते. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ३८.२ अंश, आणि एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे पुन्हा सुमारे ४,२५० किमी. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे आधी बघा. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची बेरीज करायची, ती १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करायची. एक उत्तरेला, एक दक्षिणेला असेल तर पहिला गुणाकार उणे. सुरुवातीला मी इथेच चुकायचे, म्हणून दोऱ्याचं माप आधी घेते.

वेळेसाठी विमान कोणतं ते लागतं. मातावेरीची धावपट्टी ३,३०० मीटरची आहे. १९८० च्या दशकात अंतराळयानाच्या आपत्कालीन उतरणीसाठी ती वाढवली, म्हणून तिथे मोठं जेट उतरतं. ताशी ८५० किमी धरले तर पाच तास, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. छोट्या टर्बोप्रॉपला, म्हणजे पुढे फिरतं पातं असलेल्या विमानाला, ताशी ५०० धरा, पण एवढा पल्ला त्याला झेपत नाही. वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका: चिलीची राजधानी सांतियागोहून पश्चिमेला ईस्टर बेटाला जाताना तो बहुधा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो, म्हणून जायला जास्त वेळ लागतो.

आसपास दुसरा विमानतळ नसलेल्या अशा ठिकाणी जाताना, पोहोचल्यावर सुमारे दोन तास पुरेल एवढं इंधन राखून ठेवतात. ते वजन सामान आणि प्रवाशांच्या जागेतून जातं. थेट विमान आहे का, हेही तपासा; नसेल तर मधल्या विमानतळापर्यंतचे टप्पे वेगवेगळे मोजून थांब्याचे तास मिळवा.

शेवटी घड्याळ. ताहिती ग्रीनिचच्या १० तास मागे. ईस्टर बेट तिथल्या, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या, हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात ५ तास मागे. ताहितीहून रात्री १० ला निघालात तर साडेपाच तासांनी ताहितीच्या घड्याळात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील, ईस्टर बेटावर मात्र सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केलीत तर प्रवास साडेनऊ-साडेदहा तासांचा वाटेल.