डेक बांधताय? आधी थर्मामीटर

डेक म्हणजे घराला लागून असलेला फळ्यांचा उघडा ओटा. परमिट काढा. इथे अमेरिकेत खणण्याआधी 811 ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइनी फुकटात आखून देतात. पुढे.

थर्मामीटर घ्या. फोनवरचं हवामान चालणार नाही, फळीवर रोखून तापमान दाखवणारा हवा. माझ्याकडे नव्हता, म्हणून हे सगळं लिहितोय. आमचा मिनेसोटातला पहिला डेक ग्रीन ट्रीटेड, म्हणजे न कुजण्याचं औषध मुरवलेल्या लाकडाचा होता. ती फळी दुकानातून ओलीच येते. चिकटवून ठोकली तरी वाळल्यावर आपसूक फट पडते. दुसऱ्या खेपेला कॉम्पोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली फळी आणली, पण हात जुन्याच सवयीने चालला. ऑक्टोबरची अखेर, पारा 35 फॅरनहाइट, बोटं बधिर. टोकाला टोक भिडवलं, एक केसही आत जाणार नाही असं, आणि स्वतःवरच खूश झालो. जुलैत फळ्यांनी कमान टाकली. लाकूड ओलाव्याने रुंदीत हलतं. प्लॅस्टिकची फळी तापमानाने लांबीत वाढते. 16 फुटांची फळी जानेवारीच्या पहाटेपासून जुलैच्या उन्हापर्यंत अर्धा इंच सहज खाते. तो अर्धा इंच तिने जायचं कुठे?

आता क्रमाने. फूटिंग, म्हणजे खांबाचा पाया, मिनियापोलिसच्या बाजूला 42 इंच खोल, उत्तरेकडे 60. ओल्या मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ खांब वर उचलतं. वसंतात तो परत नीट जागेवर बसत नाही. इथे इंचभरही वाचवू नका, इन्स्पेक्टर टेप घेऊनच येतो.

खालचा सांगाडा ग्रीन ट्रीटेडचाच करा, पण मातीजवळच्या लाकडाच्या चिठ्ठीवर 'ग्राउंड काँटॅक्ट' (मातीला टेकलं तरी चालेल असं) लिहिलेलं आहे ना ते बघा. हँगर (तुळया धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि स्क्रू हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून जाड मुलामा दिलेले, किंवा स्टेनलेस. 2004 पासून घरगुती लाकडातलं आर्सेनिकचं औषध गेलं आणि तांब्याचं आलं. ते साध्या पातळ मुलाम्याचं लोखंड खातं. डेक घराला जोडणाऱ्या लेजर बोर्डावर, म्हणजे भिंतीला ठोकलेल्या आडव्या फळीवर, फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पट्टी) हवंच, नाहीतर बर्फ वितळून पाणी थेट भिंतीत.

वरच्या फळ्या. सीडरचं लाकूड देखणं, पण दर दोन-तीन वर्षांनी तेल मागतं, आणि आपला उन्हाळा किती आठवड्यांचा आहे ते तुम्हाला माहीत आहे. पीव्हीसीची, म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकची फळी पाणी पीत नाही, मात्र कडाक्यात कापताना टवके उडतात. मी पुन्हा कॉम्पोझिटच घेतलं, फिकट रंगाचं. गडद फळी ऑगस्टच्या दुपारी तव्यासारखी तापते. आई त्यावर सांडगे वाळत घालायला अनवाणी गेली आणि उड्या मारत परत आली. जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या तुळया, 16 इंचांवर, फळ्या तिरक्या बसवायच्या असतील तर 12.

आणि परत थर्मामीटर! कापायच्या आदल्या रात्री फळ्या ऊबदार गॅरेजमध्ये ठेवू नका. जिथे बसवायच्या तिथेच बाहेर पडू द्या. सकाळी फळीचं तापमान मोजा, हवेचं नाही, फळीचं. कंपनीच्या तक्त्यात त्या तापमानासमोर टोकाची फट दिलेली असते, तेवढीच ठेवा. थंडीत बसवताय तर फट मोठी, उन्हात लहान. दुपारी ऊन चढलं की पुन्हा मोजा. फट बघून बायको म्हणेल, 'हे काय, नीट बसलं नाही.' म्हणू द्या. भिंतीला टेकणाऱ्या टोकालाही फट ठेवा; मी नेमकी तीच विसरलो होतो.

रेलिंग, पायऱ्या कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे. बर्फ काढायचं फावडं प्लॅस्टिकचं, फळीच्या लांबीच्या दिशेने ओढायचं. बर्फ वितळवायला खडा मीठ टाकू नका, स्क्रू गंजतात. दोन फळ्या जादा आणून ठेवा, पुढच्या वर्षी तो रंग मिळेलच असं नाही.