समाजकार्याची परिभाषा : फिल्डवर्कच्या अहवालात या चुका टाळा

अहवालात ‘रिमांड होममधला मुलगा’ एवढेच लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याला त्या मुलाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. त्याच्यावर चोरीचा आरोप आहे, की तो स्टेशनवर एकटा सापडला? त्याची तारीख बाल न्याय मंडळापुढे आहे, की बाल कल्याण समितीपुढे? समाजकार्यात आपण लिहिलेल्या शब्दावरून पुढचे कार्यालय, पुढचा अर्ज आणि पुढची मुदत ठरते. शब्द चुकला की माणूस भलत्याच टेबलापुढे रांग लावतो आणि त्याचा दिवसाचा रोज बुडतो. समाजकार्याच्या पदवी (बी.एस.डब्ल्यू.) आणि पदव्युत्तर (एम.एस.डब्ल्यू.) विद्यार्थ्यांच्या अहवालांत वरचेवर दिसणाऱ्या चुका इथे घेतल्या आहेत. नव्याने संस्थेत लागलेल्या कार्यकर्त्यांच्या नोंदींतही याच चुका सापडतात.

‘रिमांड होम’ आणि ‘बालगुन्हेगार’

2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलांचे दोन गट आहेत : विधिसंघर्षग्रस्त बालक (म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा ज्याने गुन्हा केल्याचे आढळले आहे असे मूल) आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक. पहिल्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. दुसऱ्या गटातल्या मुलाचे प्रकरण बाल कल्याण समितीकडे जाते. तिथे अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. दोन्ही ठिकाणी प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मुलाला हजर करायचे असते.

राहण्याच्या जागाही वेगळ्या आहेत. चौकशी चालू असताना विधिसंघर्षग्रस्त मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. मंडळाचा अंतिम आदेश झाल्यावर गरज पडली तर त्याला विशेषगृहात पाठवतात. समितीच्या आदेशाने ठेवलेली मुले बालगृहात असतात. अनेक जिल्ह्यांत निरीक्षणगृह आणि बालगृह एकाच आवारात असल्याने गावात दोन्हींना ‘रिमांड होम’ म्हणतात. पालक तसे म्हणतील, तर त्यांचे शब्द अवतरणात घ्या. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र संस्थेचा नेमका प्रकार लिहा.

आरोपी, अटक, कैदी, गुन्हेगार हे शब्द टाळणे ही निव्वळ सौजन्याची बाब नाही. मुलाबाबतच्या प्रक्रियेत आरोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच म्हटले आहे. मुलाला ‘ताब्यात घेतात’. चौकशी पूर्ण होण्याआधी ‘त्याने मोबाइल चोरला’ असे लिहिणे म्हणजे निकाल देऊन मोकळे होणे. ‘मोबाइल चोरीच्या आरोपावरून त्याला मंडळापुढे हजर केले’ एवढेच लिहा.

मुलाच्या घरची आणि भोवतालची परिस्थिती पाहून लिहायच्या सामाजिक तपासणी अहवालातही हा घोळ होतो. दोन्ही गटांसाठी तपासणीची मुदत 15 दिवस आहे, म्हणून विद्यार्थी एकच नमुना दोन्हीकडे वापरतात. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत विधिसंघर्षग्रस्त मुलासाठी नमुना 6 आहे आणि काळजीची गरज असलेल्या मुलासाठी नमुना 22. पहिल्यात कथित कृत्यामागची परिस्थिती तपासायची असते. दुसऱ्यात मूल घराबाहेर का पडले आणि घरी परत पाठवणे सुरक्षित आहे का, हे पाहायचे असते. नमुना चुकला की प्रश्न चुकतात. मग समितीला जे हवे असते तेच अहवालात नसते.

बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव बदलले म्हणजे काम झाले असे समजू नका. शाळा, वाडी, वडिलांचा धंदा आणि घटनेची तारीख एकत्र आली की गावातला कोणीही मूल ओळखतो. तोंडी परीक्षेच्या स्लाइडवर फोटो टाकू नका, चेहरा पुसट केलेलाही नको.

‘बालक’ म्हणजे किती वर्षांचे?

हा प्रश्न कायद्याचे नाव न घेता विचारला, तर त्याला उत्तर नाही. बाल न्याय कायदा आणि 2012 चा पोक्सो कायदा (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा) यांत 18 वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक आहे. शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वर्षे. बालकामगारविषयक कायद्यात 14 वर्षांखालचे ते बालक, आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 वयाचे किशोरवयीन. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत बालक असतो.

समजा 15 वर्षांचा मुलगा चहाच्या टपरीवर कामाला आहे. अहवालात ‘बालकामगार’ लिहून तक्रार केली, तर कामगार कार्यालय वयाकडे बोट दाखवून ती परत करू शकते. कारण किशोरवयीनांना बंदी आहे ती धोकादायक कामांची. पण मालक त्याची मजुरी अडकवून ठेवत असेल किंवा त्याला डांबून ठेवत असेल, तर बाल न्याय कायद्याचे कलम 79 लागू होते, आणि तिथे वयाची मर्यादा 18 आहे. मुलगा तोच असतो, पण कोणत्या कायद्याखाली त्याला मदत मिळेल हे नोंदीवर ठरते. म्हणून वय लिहिताना पूर्ण झालेली वर्षे आणि पुरावा दोन्ही नोंदवा : जन्मदाखला, शाळेचा दाखला की आईने सांगितलेले वय.

‘गरोदर माता’ या शब्दामागे दडणारी चूक जास्त गंभीर आहे. वस्तीच्या यादीत 17 वर्षांची विवाहित गरोदर मुलगी इतर बायकांबरोबर याच नावाने नोंदवली जाते आणि तिचे वय कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पोक्सोखाली ती बालक आहे, आणि लग्न झाले म्हणून त्यात सूट मिळत नाही. तिच्या नोंदीत वय पहिल्या ओळीत असायला हवे, आणि त्या दिवशीच पर्यवेक्षकाला कळवायला हवे.

‘मतिमंद’ आणि ‘मनोरुग्ण’ एक धरणे

बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या स्थिती आहेत. पहिल्यात आकलन आणि रोजची कौशल्ये लहानपणापासून मर्यादित असतात. त्यावर गोळी नसते, प्रशिक्षण आणि आधार असतो. दुसऱ्यात विचार, भावना किंवा वास्तवाचे भान बिघडते. तो कोणत्याही वयात होऊ शकतो आणि उपचाराने बरा होऊ शकतो किंवा आटोक्यात राहतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. तेव्हा दोन्ही स्वतंत्र नोंदवा.

या गल्लतीचा त्रास पालकत्वाच्या वेळी उघडा पडतो. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी 18 वर्षांची झाली, की आईवडिलांना तिच्या वतीने व्यवहार करायला कायदेशीर पालकत्व लागते. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करतात. तिथे जिल्हाधिकारी किंवा जिल्हा आयुक्त असतात. स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सीसाठीही हाच रस्ता. स्किझोफ्रेनिया असलेल्या भावासाठी तोच अर्ज भरला तर तो तिथे चालत नाही. त्याच्यासाठी मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची तरतूद आहे. सज्ञान व्यक्तीने साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा दिला की प्रतिनिधी नेमता येतो. पालकत्व आणि प्रतिनिधित्व यांत अधिकारांचा मोठा फरक आहे. प्रतिनिधी हा उपचाराच्या निर्णयात साथ देणारा असतो, संपत्तीचा मालक नव्हे. हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ‘दिव्यांग आहे’ एवढ्यावर कोणतीही योजना हलत नाही. प्रकार, टक्केवारी आणि प्रमाणपत्राची तारीख लिहा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ते लक्षणीय दिव्यांगत्व, आणि आरक्षण त्यालाच लागू होते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला ‘गतिमंद’ लिहून टाकणे पूर्ण बंद करा. त्याला अध्ययन अक्षमता असू शकते, कमी ऐकू येत असेल किंवा चष्म्याचा नंबर असेल. निदान तज्ज्ञ करतील. तुम्ही ‘फळ्यावरचे वाचताना पुढे वाकतो’ हे लिहा.

‘केस केली’

हा शब्द मराठी घरांत इतक्या अर्थांनी चालतो की तो जसाच्या तसा अहवालात आला की पुढचे काम अडते. ‘मी नवऱ्यावर केस केली आहे’ असे बाई सांगते. बरेचदा तिच्या हातात असतो तो अदखलपात्र नोंदीचा कागद, म्हणजे एन.सी. अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणजे तिला वाटते प्रकरण चालू आहे, आणि प्रत्यक्षात काहीच चालू नसते.

कागद पाहा. एफ.आय.आर. असेल तर तपास पोलिसांकडे आहे. पतीच्या किंवा सासरच्यांच्या क्रूरतेसाठी जे पूर्वी भारतीय दंड संहितेचे 498-अ होते, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 व 86 मध्ये आहे. त्या तारखेआधीच्या घटनेला जुनेच कलम लागते, म्हणून घटनेची तारीख विचारा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज हा याहून वेगळा मार्ग आहे. त्यात संरक्षण अधिकारी घटना अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. संरक्षण, राहते घर, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि भरपाई मागता येते. पहिली सुनावणी साधारणपणे अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत ठेवायची आणि त्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, असे कायदा म्हणतो. नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नाही, पण मारहाण थांबली पाहिजे आणि डोक्यावर छप्पर राहिले पाहिजे, असे अनेक बायका सांगतात. त्यांना हा मार्ग माहीतच नसतो, कारण मदत करणाऱ्यानेही ‘केस’ या एका शब्दात सगळे गुंडाळलेले असते.

‘परित्यक्ता’ आणि ‘घटस्फोटिता’ यांचेही तसेच. न्यायालयाचा हुकूमनामा हातात असेल तरच घटस्फोटिता लिहा. पंचांसमोर झालेली काडीमोडाची चिठ्ठी हा हुकूमनामा नव्हे.

‘समुपदेशन केले’

अहवालांत सर्वांत सैल वापरला जाणारा शब्द हाच असावा. आईला लसीकरणाची तारीख सांगितली, तर ती माहिती दिली. दारू सोडा म्हणून समजावले, तर तो सल्ला झाला. समुपदेशनात ठरलेली वेळ, खासगी जागा, समोरच्याने मांडलेला प्रश्न आणि त्याने स्वतः पर्याय तपासण्याची प्रक्रिया असते. दारात उभे राहून, सासूच्या देखत दहा मिनिटांत ते होत नाही. जे केले त्याचे साधे क्रियापद लिहिले तर तुमचा पर्यवेक्षक पुढची पायरी सांगू शकतो.

‘संदर्भसेवा दिली’ याची तपासणी सोपी आहे. कोणत्या संस्थेत, कोणत्या पदावरच्या व्यक्तीकडे पाठवले, व्यक्तीची संमती घेतली का, आणि ती तिथे पोचली का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तुम्ही फक्त पत्ता दिला आहे.

गोपनीयता आणि स्वीकार

फेलिक्स बिएस्टेक यांनी 1957 मध्ये मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या समाजकार्याची, सात तत्त्वे सगळे पाठ करतात. स्वीकार म्हणजे वागण्याला मान्यता, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. बायकोला मारणाऱ्या पुरुषाशी तुम्ही माणूस म्हणून आदराने बोलता, तो स्वीकार. मारहाण चुकीची आहे हे त्याला स्पष्ट सांगणे त्याच्या आड येत नाही.

गोपनीयतेची चूक जास्त महागात पडते. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नका. पोक्सोच्या कलम 19 नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विद्यार्थी आहे म्हणून सूट नाही. वचन देऊन मोडले तर मूल पुन्हा कोणावरही विश्वास टाकत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत हे बोला : ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कोणी इजा करतंय असं कळलं, तर तुला वाचवू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल. कुणाला आणि काय सांगणार, ते आधी तुला सांगेन.’

विशेषणे आणि सर्वेक्षण

‘उदासीन पालक’, ‘विस्कळीत कुटुंब’, ‘आळशी’ ही विशेषणे निरीक्षण नसून निष्कर्ष आहेत. ‘वडील पालकसभेला तीनदा आले नाहीत, त्या वेळी त्यांची दुसरी पाळी होती’ हे लिहिले की उदासीनता उरत नाही. अहवाल देण्याआधी प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि त्यामागची पाहिलेली गोष्ट सापडते का बघा. सापडली नाही तर विशेषण खोडा.

सर्वेक्षणात घर आणि कुटुंब एक धरू नका. एका खोलीत दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबे, मग रेशनकार्ड एकच का असेना. ‘झोपडपट्टी’ लिहिताना ती 1971 च्या महाराष्ट्र कायद्याखाली घोषित आहे का, हे प्रभाग कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी एक वही करा, चार रकान्यांची : शब्द, कायदा व कलम, तो लागू होतो हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, आणि पुढची कृती व मुदत. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो शब्द अजून समजलेला नाही. ‘दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त’ हे बाल कल्याण समिती ठरवते, बालगृहाचे अधीक्षक नव्हेत. दत्तकाचा आदेश 2021 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी देतात, न्यायालय नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत न्यायालयच सापडेल, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी तपासली ती तारीख घाला.