जुन्या अमेरिकन प्रेसिडेंटच्या सहीचं लष्करी कमिशन घेताय? आधी हे बघा

कमिशन म्हणजे अधिकाऱ्याचं नेमणूकपत्र, चर्मपत्रावर (प्राण्याच्या कातडीपासून बनवलेल्या कागदासारख्या पत्र्यावर) छापलेलं, वर गरुड, खाली झेंडे-तोफा, नाव आणि हुद्दा मात्र हाताने लिहिलेला. सगळ्यांची नजर आधी प्रेसिडेंटच्या सहीवर जाते, पण तुम्ही आधी दुसरी सही बघा, ती सेक्रेटरी ऑफ वॉरची, म्हणजे युद्धमंत्र्याची असते (नौदलाचं असेल तर सेक्रेटरी ऑफ द नेव्हीची, ते खातं १७९८ मध्ये सुरू झालं), आणि तारखेशी ती जुळलीच पाहिजे. जेफरसनच्या काळातलं आर्मीचं कमिशन असेल तर हेन्री डिअरबॉर्न, मन्रोच्या काळातलं असेल तर बहुतेक जॉन कॅल्हून. जुळत नसेल तर सरळ सोडून द्या.

मग कमिशन आर्मीचं असेल तर अधिकाऱ्याचं नाव हाइटमनच्या १९०३ च्या रजिस्टरमध्ये (अमेरिकन आर्मीच्या अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) शोधा, हुद्दा आणि तारीख तिथे सापडते. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो, कागदामागचा माणूस सापडतो ना!

शाई तपकिरी झालेली असणं नॉर्मल आहे, चर्मपत्रावर ती नीट मुरत नाही म्हणून सह्या फिक्या पडतात, पण कोणी नंतर शाई गिरवलेली असेल तर किंमत पडते, त्यामुळे भिंगाखाली रेघ न् रेघ तपासा. विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ मध्ये जेमतेम महिनाभर प्रेसिडेंट होता, त्याची सही कोणी स्वस्तात देत असेल तर जरा जास्तच सावध राहा.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको, इस्त्री तर नाहीच नाही, चर्मपत्र ओलीने सुरकुततं आणि उष्णतेने आकसतं. भिंतीवर रंगीत कॉपी लावा, ओरिजिनल अंधारात ठेवा.