अणुवीज हवी का नको: लाइट बिल हातात घेऊन हिशोब कसा करायचा

सोसायटीच्या ग्रुपवर एक जण "आता अणुभट्ट्याच तारणार" टाकतो आणि दुसरा "सगळं सोलर करा, विषय संपला", तेव्हा लगेच मध्ये पडू नका, आधी महावितरणचं बिल काढा (कळवा-मुंब्र्यात टोरेंटचं, तेही चालेल).

त्यावर मंजूर भार असतो, किलोवॅटमध्ये, आणि महिन्याचा वापर असतो, युनिटमध्ये. भार म्हणजे एका वेळी किती वीज ओढू शकता, युनिट म्हणजे महिन्याभरात खरंच किती ओढली. बहुतेक वाद ह्या दोन्हीची खिचडी केल्यामुळेच होतात.

आता हाच फरक भट्टीला लावा: मेगावॅट (1000 किलोवॅट) म्हणजे एका वेळची क्षमता, युनिट म्हणजे महिन्यात खरंच बनलेली वीज. गुजरातेत काक्रापारला आहे तसली 700 मेगावॅटची एक भट्टी धरा. ती रात्रंदिवस चालते, म्हणून सरासरी क्षमतेच्या 85 टक्के वीज देते असं धरू. 700 गुणिले 1000, गुणिले महिन्याचे 720 तास, गुणिले 0.85, आले जवळपास 43 कोटी युनिट. घोडबंदर रोडचा टू बीएचके 300 युनिट खातो असं धरलं तर 14 लाख घरं. तेवढ्याच मेगावॅटच्या सोलरला 85 च्या जागी 20 टाका, कारण रात्र आहे, पावसाळा आहे, मग 10 कोटी युनिट, म्हणजे साडेतीन लाखही घरं होत नाहीत. आणि मे महिन्यात आपल्याकडे एसी रात्रीच लागतो हे वेगळं.

पण एवढ्यावर खूश होऊन पोस्ट टाकू नका, साल बघा. रत्नागिरीतल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा करार 2010 चा, सहा भट्ट्या, 9900 मेगावॅट, आणि अजून बांधकामाचा पत्ता नाही. अमेरिकेत व्होगल अणुकेंद्राच्या दोन नव्या भट्ट्या सुमारे सात वर्षं उशिरा सुरू झाल्या, खर्च दुपटीच्या वर. सोलर तेवढ्यात कितीतरी उभं राहतं, त्यामुळे माझ्या मते पुढच्या दहा वर्षांची गरज मुख्यतः सोलर-वाऱ्यावरच भागवावी लागेल, अणुवीज त्यानंतरच्या काळासाठी आत्ता सुरू करायची गोष्ट आहे.

मग टक्के. जगाच्या विजेत अणूचा वाटा 9 टक्क्यांच्या आसपास, भारतात 3 च्या आसपास, पण हा फक्त विजेतला वाटा, तुमचा पाइप गॅस आणि गाडीतलं पेट्रोल ह्यात नाही, ते धरलं की वाटा अजून खाली येतो. 2023 च्या दुबईच्या हवामान परिषदेत वीसेक देशांनी 2050 पर्यंत अणुक्षमता तिप्पट करू म्हटलं, भारत त्यात नव्हता, पण आपलं स्वतःचं टार्गेट 2047 पर्यंत 100 गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे 1000 मेगावॅट), आणि आत्ता आहे 9 च्या जवळ.

कार्बनवर वाद झाला तर एकच जोडी लक्षात ठेवा, युनिटमागे कोळसा साधारण 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, अणू 12, खाण-बांधकामासकट.

अणुकचऱ्याचं कोणीतरी काढणारच. तेव्हा "काही होत नाही हो" म्हणून उडवू नका, तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे, लोकांना विचारायचा हक्क आहे. वापरलेलं इंधन आकाराने थोडं असतं पण हजारो वर्षं सांभाळावं लागतं, फिनलंडने त्यासाठी 400 मीटरहून खोल खडकात बोगदे खोदलेत, आपण ते रीप्रोसेस करतो, म्हणजे त्यातलं परत वापरता येणारं वेगळं काढतो, आणि तरी उरतं ते काचेत गोठवून ठेवतो.