मिनिएचरवर काळा रंग: हायलाइट करायचा, पण राखाडी होऊ द्यायचा नाही

मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळातले छोटे सैनिक, रंगवताना काळा सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त तोच फसवतो. लाल रंग घेतला तर सावलीत मरून लावता येतो, उजेडात केशरीकडे जाता येतं, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा असते. काळ्याच्या खाली मात्र काहीच नाही, त्यामुळे जे काही करायचं ते वरच्या बाजूलाच, म्हणजे हायलाइटने (कडा-उंचवट्यांवर उजळ रंग देऊन), आणि वर दोन पावलं जास्त गेलात की तो काळा राहतच नाही. माझ्या पहिल्या ब्लॅक टेम्पलरचं (वॉरहॅमर ४०,००० या खेळातला काळ्या चिलखताचा सैनिक) नेमकं हेच झालं, सगळ्या चिलखतावर राखाडी ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश, फिरवला, हातात धरून बघितला तेव्हा छान वाटला आणि टेबलावर ठेवला तर सरळ राखाडी सैनिक.

म्हणून ब्रश उचलायच्या आधी एक गोष्ट ठरवा, हा काळा कशाचा आहे? लोखंडी चिलखत, कापड, चामडं की केस? घरातल्या काळ्या वस्तू नीट बघा. काळ्या बुलेटची टाकी बघितलीत तर जवळजवळ सगळी टाकी गडदच असते आणि ट्यूबलाइटची एकच पांढरी, धारदार रेघ तिच्यावरून जाते. काळी छत्री उघडून बघा, तिच्यावर पांढरं काहीच नसतं, काडीच्या उंचवट्यावर नुसता मंद, पसरट राखाडीपणा असतो. आणि जुन्या काळ्या चपलेची कड घासून तपकिरी झालेली असते. चमकणारा काळा म्हणजे हायलाइट बारीक पण एकदम उजळ, कापडाचा काळा म्हणजे हायलाइट रुंद पण अंधुक. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, बाकी हाताचा सराव आहे.

बेससाठी, म्हणजे सगळ्यात खालच्या मूळ रंगासाठी, मी शुद्ध काळा शक्यतो वापरत नाही. सिटाडेल आणि वलेहो हे रंगांचे ब्रँड, त्यातला सिटाडेलचा कॉर्व्हस ब्लॅक किंवा वलेहोच्या काळ्यात थोडा जर्मन ग्रे मिसळून लावतो, म्हणजे खोल खाचांत नंतर खरा काळा घालायला जागा उरते. रंग पातळ करून दोन हात द्यायचे, एकाच हातात झाकायचा हट्ट नको, जाड काळा खाचा भरून टाकतो. तो वाळल्यावर नल्न ऑइल हा काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) किंवा पातळ केलेला अबाडॉन ब्लॅक फक्त खाचांत, जोडांत, पट्ट्यांच्या खाली. सगळ्या अंगावर वॉश ओतू नका, सपाट भागावर त्याचे डाग पडतात आणि काळ्यावर ते डाग झाकता झाकत नाहीत.

आता चिलखताच्या कडा, इथे जरा थांबून सांगतो कारण सगळी गंमत इथेच आहे. तीन पायऱ्या करा. पहिली रेघ गडद राखाडीची, एशिन ग्रे किंवा त्याच्या जवळचं काहीही, जवळजवळ सगळ्या कडांवर. दुसरी डॉनस्टोन या मध्यम राखाडीची, पहिलीपेक्षा बारीक आणि फक्त वर तोंड असलेल्या कडांवर, म्हणजे खांद्याचं पॅड, गुडघ्याचा वरचा भाग, हेल्मेटचा कपाळपट्टा. तिसरी म्हणजे रेघ नाहीच, ठिपके, अॅडमिनिस्ट्रेटम ग्रे या फिकट राखाडीचे, जिथे दोन कडा मिळून कोपरा होतो तिथेच. ब्रश टोकाने ओढू नका, आडवा धरून त्याची बाजू कडेवरून सरकवा, मग कडच रेघ मारून देते. आणि त्यासाठी तीन शून्यांचा इवलासा ब्रश लागतो हा गैरसमज आहे, त्यात रंग मावतच नाही आणि कडेपर्यंत पोचेपर्यंत टोकावर वाळून जातो. एक नंबरचा, टोक शाबूत असलेला ब्रश घ्या. रंग भरल्यावर आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ मारून बघा, ती ओघळली तर पाणी जास्त आहे, तुटक आली तर कमी.

रेघ जाड झाली तर घाबरायचं नाही, बेसचाच रंग पातळ करून दोन्ही बाजूंनी ती आत ढकलायची. मी प्रत्येक मिनिएचरवर हे करतोच, खरं तर हायलाइटपेक्षा ही परत काळं करायची पायरीच जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत आहे. हात लांब करून बघितल्यावर दहातले आठ भाग काळे दिसले पाहिजेत. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, डोळे जे चालवून घेतात ते फोटो चालवून घेत नाही.

कापडाला हे सगळं उलटं. ब्लॅक टेम्पलरच्या काही मिनिएचर्सना चिलखतावर झगा असतो, तो काळा करायचा असेल तर चुण्यांच्या उंचवट्यावर बेसमध्ये थोडी राखाडी मिसळून रुंद पट्टा, मग आणखी थोडी मिसळून त्याच्या आत अरुंद पट्टा, आणि मधला जोड दिसत असेल तर भरपूर पातळ काळ्याचा एक ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, सगळ्यावरून. डॉनस्टोनच्या पुढे कापडावर जायचंच नाही. शेजारी चमकदार चिलखत आणि मंद कापड आलं की दोन्ही काळे असून वेगळे दिसतात, रंग वेगळा न वापरता.

राखाडी बनवायला काळ्यात नुसता पांढरा घालू नका, तो खडूसारखा आणि जरा निळसर दिसतो. उबदार काळा हवा असेल तर पांढऱ्याऐवजी हाडाचा किंवा त्वचेचा रंग मिसळा, कापडाला आणि जुन्या वस्तूंना तो फार शोभतो. थंड, धातूसारखा हवा असेल तर डार्क रीपर, मग थंडरहॉक ब्लू आणि शेवटी फेनरिसियन ग्रेचे ठिपके, रेव्हन गार्डला (याच खेळातली काळ्या चिलखताची दुसरी फौज) मला हा निळसरच आवडतो. चामड्याला ऱ्हिनॉक्स हाइडसारखा गडद तपकिरी, तोही कडेला बारीक तुटक ओरखडे मारून, सलग रेघ नको. केसांना निळसर चमक द्या पण सगळ्या डोक्यावर न देता माथ्याभोवती एक वलय असल्यासारखी, बाकी केस काळेच. एकाच मिनिएचरवर दोनपेक्षा जास्त प्रकारचे काळे मात्र नकोत, नजर गोंधळते.

खूप सैनिक रंगवायचे असतील तर राखाडी प्रायमरवर (रंगाआधीचा अस्तराचा थर) ब्लॅक टेम्पलर नावाचा काँट्रास्ट रंग मारला की बेस आणि सावली एकदमच होते, मग फक्त वरच्या कडांवर एक रेघ. टेबलावर खेळायला ते पुरेसं आहे, मुख्य पात्राला मात्र वेळ द्या.

शेवटी व्हार्निश, आणि काळ्याच्या बाबतीत ते जपून. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत एवढी ओल असते की मॅट स्प्रे मारला की कधी कधी पांढरट धुकं धरतं, बाकी रंगांवर ते कदाचित खपून जाईल, काळ्यावर लगेच दिसतं. जून ते सप्टेंबर मी ब्रशनेच मॅट व्हार्निश लावतो, बाटली चांगली हलवून, पातळ हाताने. ते पूर्ण वाळलं की हेल्मेटच्या डोळ्यांवर आणि छातीवरच्या रत्नांवर ग्लॉसचा एकेक थेंब. झग्याच्या खालच्या काठाला आणि बुटांना पायाखालच्या चकतीवरच्या (तिलाही बेसच म्हणतात) मातीचाच रंग स्पंजने अगदी हलका टेकवा, त्या धुळीशेजारी वरचा काळा आणखी गडद दिसायला लागतो.