यूट जमातीच्या जमिनीवर तेलविहीर: हवेची कागदपत्रं करायची कशी

सांगलीहून केमिकल इंजिनिअरिंग करून डेन्व्हरला आले, तेव्हा 'रिझर्व्हेशन' म्हटलं की मला महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवायची. आता नऊ वर्षं झाली, माझं निम्मं काम यूटा राज्याच्या ईशान्येला, युइंटा खोऱ्यातल्या यूट या मूळ अमेरिकन जमातीच्या रिझर्व्हेशनवर, म्हणजे तिच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर चालतं. तेलकंपन्यांसाठी हवेच्या प्रदूषणाचा हिशेब करायचा, तो भरायचा, आणि कागदावर लिहिलेलं विहिरीवर खरं उतरतंय का ते जाऊन बघायचं. इथे एमएस करणारी दोन-तीन मराठी मुलं दर वर्षी विचारतात, "ताई, हे काम नेमकं करतात कसं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी जमीन कोणाची ते विचारा

कॅल्क्युलेटर नंतर काढा. पहिला प्रश्न एकच: विहिरीची जागा हवेच्या कायद्याच्या हिशेबानं कोणाकडे येते? राज्याकडे असेल तर अर्ज सॉल्ट लेक सिटीला, राज्याच्या हवा विभागाकडे. जमातीच्या हद्दीत असेल तर राज्याचा संबंध संपला. अर्ज डेन्व्हरला, ईपीए म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या आठव्या विभागाकडे.

ऐकायला सोपं वाटतं. इथे सातबारा नाही हे लक्षात ठेवा. १९०५ साली सरकारनं हे रिझर्व्हेशन बाहेरच्या वस्तीकरूंना खुलं केलं. तेव्हापासून नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झालाय: एक घर जमातीचं, शेजारचं खाजगी, पलीकडचं केंद्र सरकारचं. १९९४ मध्ये 'हेगन विरुद्ध यूटा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या खुलं करण्यामुळे रिझर्व्हेशनचा आकारच घटला. खटला मायटन या गावातला होता आणि ते गाव हद्दीबाहेर ठरलं. पण गावाबाहेर गाडी काढली की दहा मिनिटांत तुम्ही तीन वेळा आत-बाहेर झालेले असता, आणि रस्त्यावर पाटी नसते.

माझी पहिली चूक इथलीच. तेव्हाच्या ग्राहकाच्या तक्त्यात पत्ता 'मायटन' असा होता. मी तोच धरून राज्याकडे अर्ज टाकला. तीन आठवड्यांनी तिथल्या माणसानं शांतपणे विचारलं, "बाई, ही जागा आमची आहे याची खात्री केलीत का?" नव्हती केली. जमीन जमातीसाठी केंद्रानं विश्वस्त म्हणून धरलेली निघाली. सगळे कागद पहिल्यापासून झाले, ड्रिलिंग रिगची तारीख गेली, आणि रिग रिकामी उभी राहिली की तिचं भाडं किती होतं हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. कंपनीत जमिनीचे व्यवहार बघणारा 'लँडमॅन' असतो. त्याच्याकडून पॅडखालच्या, म्हणजे विहीर आणि तिची यंत्रं उभी करायला सपाट केलेल्या जागेखालच्या जमिनीचा इतिहास मागायचा, म्हणजे १९०५ नंतर ती कोणाकडून कोणाकडे गेली ते. खाली तेल कोणाचं याच्याशी हवेला देणंघेणं नाही. आडवी विहीर जमिनीखाली दोन-दोन मैल जाते, तिचं टोक भलत्याच्याच जमिनीखाली असतं. टाक्या, इंजिनं, हीटर ज्या पृष्ठभागावर उभे आहेत तेवढंच बघायचं. शंका असेल तर ईपीएला लेखी विचारा आणि उत्तराची ईमेल फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.

जमात बदलली की दारही बदलतं. कोलोरॅडोत इग्नॅसिओला सदर्न यूट जमात मोठ्या उद्योगांचे हवेचे परवाने स्वतः देते. २०१२ मध्ये असा पूर्ण अधिकार मिळवणारी ती देशातली पहिली जमात. जमातींना राज्यासारखं वागवायची तरतूद १९९८ च्या नियमानं झाली, पण ती घ्यायची की नाही हे प्रत्येक जमात ठरवते. म्हणून एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे डोळे मिटून वापरू नका.

युइंटात एवढी काटेकोरी का

जानेवारीत इथे या म्हणजे कळेल. खोऱ्यात बर्फ साचतो, थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसतो. विहिरींमधून निघालेली वाफ आणि इंजिनांचा धूर आत कोंडतो, बर्फावरून उलटलेलं ऊन त्यावर काम करतं आणि ओझोन तयार होतो. ओझोन हा बहुतेक शहरांचा उन्हाळ्याचा आजार, इथे तो भर थंडीत येतो. आठ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे अब्जात ७० भाग. २०१३ च्या हिवाळ्यात खोऱ्यातल्या ऊरे इथल्या हवा मोजणाऱ्या यंत्रानं शंभराच्या बऱ्याच पुढचे आकडे दाखवले होते. २०१८ मध्ये खोऱ्याचा सखल भाग अधिकृतपणे 'मानक न पाळणारा' ठरला.

म्हणून ज्याच्यापुढे ईपीएकडे नोंदणी करावी लागते ती मर्यादाही इथे खाली आहे. इतर राखीव भागांत व्हीओसी, म्हणजे ओझोन बनवणारी सेंद्रिय वाफ, वर्षाला ५ टनांपर्यंत चालते. अशा भागात २ टन. नायट्रोजन ऑक्साइड्सना १० ऐवजी ५.

आता हिशेब

आपल्याकडून शिकून आलेल्यांच्या दोन ठरावीक चुका. एक: टन म्हणजे इथे शॉर्ट टन, २००० पौंड, साधारण ९०७ किलो. दुसरी: मिथेन आणि इथेन व्हीओसीत धरत नाहीत. गॅसच्या विश्लेषणात प्रोपेनपासून पुढचं मोजा. मी एका मुलाचा तक्ता तपासला होता, त्यानं सगळा गॅस व्हीओसी धरून विहिरीला राक्षस करून ठेवलं होतं.

सगळ्यात जास्त वाफ टाक्यांतून येते. विभाजकात, म्हणजे तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात, तेल दाबाखाली असतं. टाकीत पडलं की दाब जातो आणि विरघळलेला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून बाहेर येतो. याला फ्लॅशिंग म्हणतात. हा आकडा काढायला त्याच विहिरीच्या विभाजकातून दाबाखालचा नमुना घ्या. शेजारच्या विहिरीचा नमुना 'तसाच असेल' म्हणून लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावू नका.

इथलं तेल तर आणखी नखरेल. त्यात मेण इतकं असतं की खोबरेल तेल थंडीत गोठतं तसं ते साध्या खोलीतही घट्ट होतं. ब्लॅक वॅक्स, यलो वॅक्स अशी नावंच आहेत. त्यामुळे टाक्या सतत गरम ठेवाव्या लागतात. गरम टाकी म्हणजे जास्त वाफ, आणि वर तापवणाऱ्या बर्नरचा धूर वेगळा. तोही मोजायचा. मग पंपजॅकचं, म्हणजे तेल उपसणाऱ्या पंपाचं गॅसवर चालणारं इंजिन, ट्रक भरताना निघणारी वाफ, वायूच्या दाबावर चालणारे कंट्रोलर, आणि शेकडो जोड-व्हॉल्व्हमधली बारीक गळती.

पाव मैलाच्या आत दुसरा पॅड असेल आणि दोघांची यंत्रणा सामाईक असेल, तर दोन्ही मिळून प्रदूषणाचा एकच स्रोत धरावे लागतात, हा २०१६ पासूनचा नियम. दोन छोटे मिळून एक मोठा झाला तर पुढचा सगळा रस्ता बदलतो.

दोन अर्ज आणि एक निवडुंग

बेरीज दोन टनांच्या वर पण 'मोठा स्रोत' होण्याच्या खाली असेल, तर प्रत्येक पॅडसाठी स्वतंत्र परवाना मागायची गरज नसते. ईपीएनं २०१६ मध्ये राखीव भागांतल्या तेल-वायूसाठी एक केंद्रीय योजना काढली आणि २०१९ मध्ये ती युइंटाच्या या भागालाही लागू केली. तिच्यात आधीचे केंद्रीय नियम पाळायचे आणि दोन भागांत नोंदणी करायची. भाग एक बांधकामाच्या ३० दिवस आधी. भाग दोन उत्पादन सुरू झाल्यापासून ६० दिवसांत, पहिल्या महिन्याभराच्या खऱ्या उत्पादनावर बेतलेल्या आकड्यांसह. जमातीला प्रत पाठवायला विसरू नका. तो नुसता उपचार नाही, त्या कार्यालयातली माणसं ती वाचतात आणि प्रश्न विचारतात.

तीस दिवसांवर विसंबलात तर फसाल. भाग एकच्या आधी दुर्मीळ वनस्पती-प्राणी आणि ऐतिहासिक जागांची तपासणी पूर्ण झालेली लागते. या खोऱ्यात मुठीएवढा एक निवडुंग आहे, युइंटा बेसिन हुकलेस कॅक्टस, संरक्षित यादीतला. फूल नसेल तर खड्यांत दिसतही नाही. वनस्पतीवाला माणूस वसंतात नेता आला नाही तर सगळं वेळापत्रक त्या निवडुंगाच्या हातात जातं. मी ग्राहकाला पहिल्याच बैठकीत निवडुंगाचं विचारते. नवे लोक हसतात.

खरी परीक्षा झाकणावर

जुन्या विहिरींना बराच काळ नोंदणीपलीकडे फारसं काही लागू नव्हतं. कुंपणापलीकडच्या राज्याच्या विहिरीला नियम होता आणि अलीकडच्या विहिरीला नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये ईपीएनं खास या रिझर्व्हेशनसाठी नियम काढला. टाक्या, ग्लायकॉल डिहायड्रेटर (वायूतलं पाणी काढणारं यंत्र) आणि वायूवर चालणारे पंप मिळून नियंत्रणाविना वर्षाला ४ टन किंवा जास्त व्हीओसी होत असेल, तर त्यातला ९५ टक्के कमी करायचा. बहुतेक जण वाफ पाइपनं बंदिस्त ज्वलकात नेऊन जाळतात.

हा ९५ आकडा तक्त्यात टाकायला एक सेकंद लागतो. एकदा जानेवारीत, उणे पंधरा अंशांत, मी एका पॅडवर न दिसणारी वाफ दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा लावला. ज्वलक व्यवस्थित पेटलेला, धूर नाही, ऑटो-इग्निशन चालू. कागदावर सगळं हिरवं. मग कॅमेरा टाकीच्या वर फिरवला तर आकाशावर वाफेची काळी वेणी उलगडत होती. साध्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं.

टाकीच्या डोक्यावर एक झडपेचं झाकण असतं, थीफ हॅच. 'थीफ' नावाचं नमुना काढायचं भांडं त्यातून आत सोडतात, म्हणून ते नाव. सकाळी पंपरनं, म्हणजे रोज विहिरींची फेरी करणाऱ्या माणसानं, तेलाची पातळी मोजायला ते उघडलं होतं. टेप वर ओढताना मेण कडेला लागलं आणि थंडीत तिथेच थिजलं. झाकण दिसायला बंद, पण खाली बोटभर मेणाची पायरी. पंपरनं खिशातली पट्टी काढून कडा खरवडली, चिंधीनं पुसली, खालची रबरी रिंग बोटानं चाचपली. कुकरची रिंग जुनी झाली की चिरते तशी तीही एका जागी चिरली होती. नवी बसवली, झाकण दाबलं, आणि कॅमेऱ्यातली वेणी विरून गेली. सगळं मिळून बारा मिनिटं.

तो म्हणाला, "रोज चौदा टाक्या उघडतो, रिंगा कोण देतं?"

म्हणून आता कंपनीशी बोलताना माझी पहिली मागणी सॉफ्टवेअरची नसते. पंपरच्या गाडीत रिंगांची पेटी हवी, खरवडायची पट्टी हवी, आणि टाकी मोजल्यावर झाकण तपासल्याची वहीत एक ओळ हवी. त्या वह्या पाच वर्षं जपा.

आणि स्वतः त्या झाकणावर वाकू नका. वाऱ्याला पाठ देऊन, गॅस मीटर छातीला लावून, हाताच्या अंतरावर उभं राहा. टाकी मोजताना किंवा नमुना घेताना वाफेनं आणि प्राणवायू कमी पडल्यानं २०१० ते २०१४ या काळात या देशात नऊ कामगार गेल्याची नोंद आहे. पहिल्या दिवशी पंपर सांगेल तिथेच उभं राहायचं, डिग्री कितीही मोठी असो.