वजन उतरलं, पोट तसंच? या चुका टाळा

पहाटे साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढणाऱ्यांची गर्दी बघून बरं वाटतं. पण महिना-दोन महिने नेमानं चढूनही पँट सैल झाली नाही म्हणून नाद सोडणारेही त्यांच्यातच असतात. त्यांनी सोडू नये असं मनापासून वाटतं. चुका ठरावीक असतात आणि दुरुस्त करता येतात.

फक्त वजनकाट्यावर विसंबणं. भात-भाकरी बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. साठा आटला की ते पाणी जातं, चरबी जागेवर राहते. शिवाय आपल्याकडं बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी बरीच निघते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून शिंप्याची टेप आणा आणि दर पंधरवड्याला सकाळी अनशापोटी कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढं गेली तर काळजी घ्यायला हवी, मग बीएमआय काहीही असो.

‘मी काही खातच नाही’ हा समज. ७० किलोच्या माणसाचे तासभर भरभर चालण्यात २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. खाली उतरल्यावर फरसाण घातलेली मिसळ आणि दोन पाव खाल्ले, की तेवढ्या सहज भरून येतात. १९९२ मध्ये अमेरिकेत, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांचा अभ्यास झाला. त्यांनी खाणं ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मुद्दाम खोटं बोलायची गरज नसते, लक्षातच येत नाही. आपल्या घरात तर प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट पडतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७० कॅलरी, मोठा चमचाभर तेलात १२०. गूळ आपल्या भागातला, चवीला उत्तम, पण कॅलरींत साखरेच्या जवळपासच. लिंबूपाण्यातल्या महाबळेश्वरच्या मधानं चरबी वितळत नाही, मोठ्या चमच्यामागे ६० कॅलरी वाढतात तेवढ्या. आठवडाभर सगळं वहीत लिहा, चहासकट. महिन्याला घरात तेल किती लागतं त्याला माणसांच्या संख्येनं भागा. बहुतेक घरांत गळती इथंच सापडेल.

पोटाचेच व्यायाम करणं. २०११ च्या एका प्रयोगात सहा आठवडे पोटाचे व्यायाम करून घेतले. पोटाची ताकद वाढली, पोटावरची चरबी कमी झाली नाही. चरबी कुठून आधी जाणार हे आपल्या हातात नसतं.

प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम टाळणं. नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. २०१६ मध्ये कॅनडात तरुणांना चार आठवडे कमी खायला घालून कसून व्यायाम करून घेतला. जास्त प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली, कमी घेणाऱ्यांची ३.५. त्यांच्याइतकं टोकाला जायची गरज नाही. दोन्ही जेवणांत डाळ, मोडाची मटकी, दही किंवा अंडी ठेवा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका काढा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

लो-कार्ब (भात-भाकरी, साखर कमी) की लो-फॅट (तेल-तूप कमी) यावर भांडू नका. २०१८ मध्ये स्टॅनफर्डनं ६०९ जणांना वर्षभर तपासलं, वजन उतरण्यातला फरक नगण्य निघाला.

गोळ्या-पावडरींवर भरवसा. गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे आपल्या आमसुलाचंच भावंड, १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे तपासलं गेलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काही जास्त उतरलं नाही. वजन उतरवायला विकल्या जाणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्यांवर अमेरिकेनं २००४ मध्ये बंदी घातली, कारण प्रश्न हृदयाचा आणि रक्तदाबाचा होता. भूक मारणारं औषध सिब्युट्रामिन २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, तरी नंतरही ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते लपवलेलं सापडलं आहे. लेबलवर घटक नीट लिहिलेले नसतील तर ती पुडी घरात आणू नका. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. खाणं घटवून औषध तेवढंच ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.